इल्म, हुनर आणि पुढचे दार

वर्गात हजेरी घेताना आम्हाला रोज एक जुना दस्तऐवज वाचल्यासारखे वाटते. आमचे गाव यंत्रमागांचे, त्यामुळे मोमीन आणि अन्सारी ही नावे सर्वांत जास्त. अधूनमधून मणियार, अत्तार, बागवान, तांबोळी, शिकलगार, पिंजारी. मोमीन-अन्सारी विणणारे, मणियार बांगड्यांचे, अत्तार सुगंधी द्रव्यांचे, बागवान फळा-भाजीचे, तांबोळी विड्याच्या पानांचे, शिकलगार हत्यारांना धार लावणारे, पिंजारी कापूस पिंजणारे. मराठी मुलखातल्या मुसलमानाच्या आडनावात त्याच्या आजा-पणजाचा धंदा असा लिहिलेला असतो. दहावीचा निकाल लागला की याच मुलांचे आई-वडील शाळेत येतात आणि विचारतात, पोराने पुढे शिकावे की काम शिकावे?

या प्रश्नावर आपल्याकडे सभा-संमेलनांत ठरलेली दोन उत्तरे मिळतात. एक म्हणते, मुसलमान समाज शिक्षणाबाबत उदासीन आहे, त्याला डॉक्टर-इंजिनिअर होण्याची आकांक्षाच नाही. दुसरे म्हणते, आपली मुले हाताने हुशार आहेत, त्यांना पुस्तकी शिक्षणात कशाला अडकवायचे, हुनर शिकवा. दोन्ही उत्तरे देणारे लोक मनाने वाईट नसतात. पण गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला की दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागतात. कोणते शिक्षण घ्यायचे हे ठरवताना आपल्या घरांनी नेहमी दोन गोष्टी पाहिल्या. कमाईसाठी किती वर्षे थांबावे लागेल, आणि या शिक्षणानंतर पुढचे दार उघडे आहे का. या लेखात आम्हाला एवढेच दाखवायचे आहे.

इल्म आणि हुनर यांच्यात मुळात भांडण नव्हते. हजरत दाऊद अलैहिस्सलाम चिलखते बनवीत आणि आपल्या हातच्या कमाईवर जगत. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दिमा'मध्ये शेती, बांधकाम, सुतारकाम, विणकाम, सुईणकाम या सगळ्यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आणि शिकवणे हीसुद्धा एक सनअतच, म्हणजे कारागिरीच, असे मानले. बी.एड. करताना आम्हाला अनेक पाश्चात्त्य विचारवंत घोकावे लागले, पण इब्न खल्दूनचे हे म्हणणे कुणी सांगितले नाही. ते आम्ही नंतर वाचले. उस्ताद आणि शागीर्द हे शब्द संगीतात, खुशनविसीत आणि मागावर सारखेच चालत आले, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

तरीही आपल्यात उच्चनीचता नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. शरीफ घराण्यांची एक फळी होती आणि पेशेवर जमातींची दुसरी. १८७५ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला शाळा काढली आणि १८७७ मध्ये तिचे महाविद्यालय झाले. या कामाचे मोल फार मोठे आहे. पण त्या काळी अलीगढच्या डोळ्यांसमोर होते ते प्रामुख्याने शरीफ घराण्यांतले तरुण, ज्यांची दरबारी नोकरी गेली होती आणि ज्यांना आता इंग्रजी अमलात जागा हवी होती. विणकराच्या पोराचा विचार तिथे मागून आला. 'जुलाहा' हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जमातीने 'मोमीन' आणि 'अन्सारी' ही नावे अभिमानाने पुढे आणली. धंदा सोडला नाही, धंद्याला लागलेला कमीपणा तेवढा झटकला. हुनराला इज्जत नसेल तर हुनराचे शिक्षण कितीही चांगले असले तरी आई-वडील त्याकडे पाठ फिरवतात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मुंबई इलाख्याची परिस्थिती वेगळी होती. इथे मेमन, खोजा, बोहरी व्यापारी होते, कोकणी जहाजमालक आणि खलाशी होते, उत्तरेतून येऊ लागलेले विणकर होते आणि गावोगावचे दख्खनी कारागीर होते. व्यापाऱ्याच्या मुलाला पेढीवर बसायचे होते. त्याला गुजरातीतला हिशेब आला की पुरे. खलाशाचा मुलगा जहाजावर जाऊनच शिकत असे. इंग्रजी शाळेतून निघणारी वाट सरकारी कचेरीकडे जात होती आणि या घरांतल्या कुणाची त्या कचेरीत ओळख नव्हती. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा महंमद अली रोगे यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. रोगे हे कोकणी मुसलमान, जहाजांच्या व्यवसायातले. 'नाखुदा' म्हणजे जहाजाचा कप्तान. आपल्या इलाख्यातली मुसलमानांची पहिली मोठी शिक्षणसंस्था उभारणाऱ्यांपैकी एकाच्या नावापुढे हुनराची पदवी लागलेली आहे, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. १८८० मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. १८९३ पासून बोरीबंदर स्थानकासमोरची तिची इमारत उभी आहे.

याच सुमारास सरकारी पातळीवर एक महत्त्वाची घटना घडली. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी या आयोगापुढे निवेदन दिले. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने दुर्लक्ष केले आहे, अशी त्यांची तक्रार होती. मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान शाळेत द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी वेगळ्या शिफारशी केल्या. शिष्यवृत्त्या, मुसलमान शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालये, तपासनीस म्हणून मुसलमान अधिकारी अशा त्या शिफारशी होत्या. आज आम्ही ज्या उर्दू शाळेत शिकवतो तिची मुळे शोधत गेलो तर त्या शिफारशींपर्यंत पोहोचता येते.

पण आयोगाची आणखी एक शिफारस होती. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा कराव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगासाठी व्यावहारिक शिक्षण देणारी. अभ्यासक्रमात असा दुफाटा काढण्याची आपल्या देशातली ही पहिली मोठी सूचना. ती फारशी रुजली नाही. मॅट्रिकचा दाखला कचेरीत चाले, कॉलेजात चाले, लग्नाच्या बोलणीतही चाले. दुसऱ्या शाखेचा दाखला घेऊन जायचे कुठे, हे कुणी सांगितले नाही. गिरण्या होत्या, पण गिरणीत कामाला लागायला शाळेचा दाखला कोण विचारत होते? तिथे जॉबरची ओळख पुरे. म्हणजे व्यावहारिक म्हणवले जाणारे शिक्षणच व्यवहारात निरुपयोगी ठरले आणि लोकांनी ते नाकारले. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिच्या पदविकेला गिरण्यांत आणि कारखान्यांत मान होता, तेव्हा तिथे मुले गेली. पण त्या दारापर्यंत पोहोचायलाही आधी इंग्रजी शाळेचा जिना चढावा लागे आणि कारागिराचे मूल बहुधा त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबलेले असे.

त्याच काळात मऊ, मुबारकपूर, बनारस, अलाहाबाद या भागांतले विणकर १८५७ चे दमन, दुष्काळ आणि विलायती कापडाचा मारा यांना कंटाळून दक्षिणेकडे येत होते. मालेगाव, भिवंडी, धुळे, येवला, बुऱ्हाणपूर अशा गावांत ते स्थिरावले. हातमाग हा घराचाच एक भाग असतो. बाप विणतो, आई कांडी भरते, सात-आठ वर्षांचे मूल सूत सोडवते. मुलाला शाळेत घालणे म्हणजे घरातले एक जोडी हात कमी करणे. फी माफ झाली तरी ही किंमत माफ होत नाही. पुढे १९३० च्या दशकात मालेगाव-भिवंडीत यंत्रमाग येऊ लागले. हातमागात निदान बापाचे हुनर मुलाला मिळत होते. यंत्रमागाने वेग वाढवला, पण शिकण्याचा काळ आणि कसब दोन्ही कमी केले. काही महिन्यांत मुलगा माग चालवू लागतो आणि वीस वर्षांनंतरही तेच करीत राहतो. आठवड्याच्या आठवड्याला पगार मिळतो, हेच त्याचे आकर्षण आणि हीच त्याची अडचण.

१९३७ मध्ये याच महाराष्ट्राच्या भूमीवर, वर्ध्याला, या प्रश्नाची फार मोलाची चर्चा झाली. गांधीजींनी ऑक्टोबरमध्ये शिक्षण परिषद बोलावली आणि नंतर जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने, मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे, अशी ही योजना. बी.एड.च्या परीक्षेत हिच्यावर हमखास प्रश्न येतो. पण पाठ केलेल्या उत्तरात एक गोष्ट सहसा नसते. मुलांच्या कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेतला धोका झाकिर साहेबांनी ओळखला होता. आर्थिक बाजूवर भर देता देता शिक्षणाची बाजू मागे पडेल, असा इशारा समितीच्या अहवालातच आहे. त्यांच्या दृष्टीने टकळी आणि माग ही विचार करायला शिकवण्याची साधने होती, स्वस्त कारागीर तयार करण्याची नव्हेत.

वर्धा योजनेला मुस्लिम लीगने विरोध केला. १९३८ च्या पीरपूर अहवालात मध्य प्रांतातल्या विद्यामंदिर योजनेविरुद्ध तक्रारी आहेत. त्या विरोधामागे धार्मिक शिक्षण, उर्दू भाषा आणि त्या वेळचे राजकारण होते. पण आम्हाला वाटते, याखेरीज एक अबोल कारणही होते आणि ते एकट्या मुसलमानांचे नव्हते. विणकराच्या घरात टकळीचे नवल नव्हते. शाळेत जाऊन मुलाने तेच करायचे असेल तर शाळा कशाला? त्याला शाळेकडून घरात नसलेली गोष्ट हवी होती. शहरातल्या वकिलाची, मामलेदाराची मुले मात्र इंग्रजी शाळेतच राहिली. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा खेड्यापाड्यांत निघाल्या आणि हळूहळू मावळल्या. ज्यांनी योजना आखली त्यांचा हेतू थोर होता, झाकिर साहेब तर १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. पण एक शाळा राज्य करणाऱ्यांच्या मुलांसाठी आणि दुसरी राबणाऱ्यांच्या मुलांसाठी, हा भेद त्यांनाही पुसता आला नाही.

पुढचा इतिहास म्हणजे हंटर आयोगाच्याच दुफाट्याच्या नव्या आवृत्त्या. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने म्हटले, दहावीनंतरच्या मुलांपैकी निम्मी १९८६ पर्यंत व्यावसायिक शिक्षणात असावीत. १९८६ उजाडले तेव्हा नव्या राष्ट्रीय धोरणाने हे लक्ष्य खाली आणून १९९५ पर्यंत २५ टक्के असे ठेवले. तेही गाठता आले नाही. २०२० च्या धोरणाने पुन्हा ५० टक्क्यांचा आकडा घेतला, २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची निदान ओळख व्हावी म्हणून. आकडे बदलत राहिले, पण आई-वडिलांच्या मनातला प्रश्न तोच राहिला.

आता याची दुसरी बाजू पाहू. जिथे दार उघडे दिसले तिथे आपल्या लोकांना बोलवावे लागले नाही. मुंबईचे दानशूर मेमन व्यापारी मोहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या वारशातून १९३० च्या दशकात भायखळ्याला अंजुमनची तांत्रिक संस्था उभी राहिली. पुढे तिथेच पॉलिटेक्निक झाले आणि १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. कारखान्याच्या कामापासून पदविकेपर्यंत आणि पदविकेपासून पदवीपर्यंत जाणारा जिना एकाच आवारात दिसू लागला. 'साबू सिद्दीकला शिकतो' हे वाक्य घराघरात अभिमानाने उच्चारले जाऊ लागले. तिथे हुनर हा इल्मचा गरीब भाऊ राहिला नाही.

दुसरे उदाहरण कोकणाचे. १९७३-७४ मध्ये तेलाच्या किमती चौपट झाल्या, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक यांना मागणी आली. कोकणातल्या मुलांनी भराभर आयटीआयची वाट धरली. त्यांना कुणी व्यवसाय मार्गदर्शन शिबिरात नेले नव्हते. शेजारच्या घरावर कौलांच्या जागी स्लॅब पडताना त्यांनी पाहिला होता, तेच त्यांचे मार्गदर्शन.

तिसरे उदाहरण आमच्या स्वतःच्या पेशाचे आहे आणि ते उलट दिशेने तेच सांगते. उर्दू शाळांत शिकलेल्या मुलींसाठी डी.एड. हा एके काळी सर्वांत लाडका व्यावसायिक अभ्यासक्रम होता. दोन वर्षांत नोकरी, तीही इज्जतीची आणि घराजवळची. जे बाप मुलीला बारावीपुढे शिकवायला तयार नव्हते तेसुद्धा डी.एड.ला राजी होत. २०१२ मध्ये राज्यातली शिक्षकभरती थांबली आणि पुढे काही वर्षे थांबलेलीच राहिली. डी.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या, विद्यालये बंद पडू लागली. मुलींची आकांक्षा संपली होती का? तशी ती संपली नव्हती. दार बंद झाल्याचे त्यांना कळले होते, एवढेच.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात हेच देशपातळीवर दिसते. सहा ते चौदा वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहून कमी होते. शिकूनही नोकरी मिळत नाही हा अनुभव शाळा सोडण्यामागचे एक कारण आहे, हे समितीने नोंदवले. आपल्या राज्याचे चित्र तर अधिक विचार करायला लावणारे आहे. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच. म्हणजे 'मुसलमान मुलांना शाळेत घालत नाहीत' हा आरोप इथे टिकत नाही. मुले शाळेत येतात. ती गळतात ते पुढच्या पायऱ्यांवर. कारागिरांच्या मुलांना आठवीनंतरही आयटीआयला प्रवेश मिळावा, असे सच्चर समितीने सुचवले होते. सूचना कळकळीची आहे. पण आठवीनंतर आत गेलेल्या मुलाला पुढे काय, याचे उत्तर सोबत नसेल तर ती पुन्हा हंटरच्या दुसऱ्या शाखेसारखीच होईल, अशी भीती वाटते.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातला एक मुलगा ५८ टक्क्यांनी दहावी पास झाला. वडील मागावर कामाला, नजर कमजोर झालेली. मुलाला विजेच्या कामाची आवड. शाळेतला पंखा बंद पडला की तो बाकावर चढलेला दिसे. आम्ही त्याच्या आईला बोलावले आणि आयटीआयचा कागद हातात ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "सर, ये करने के बाद बच्चा आगे पढ सकता है क्या?" आम्ही म्हणालो, नाही, मग शिक्षण संपले, पण काम मिळेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. "फिर साचे पे बैठने में क्या बुरा है? वहाँ तो इसी हफ्ते से पैसा है." कागद टेबलावर ठेवून ती निघून गेली.

तिच्या हिशेबात काही चूक नव्हती. चूक आमच्या उत्तरात होती. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात, हे आम्हाला नंतर एका माजी विद्यार्थ्याकडून कळले. तो स्वतः त्या वाटेने गेला होता. वाट अरुंद आहे. जागा थोड्या, अभ्यासक्रम मराठी-इंग्रजीत, आणि उर्दू माध्यमातल्या मुलाला पहिले वर्ष भाषेशी झगडण्यातच जाते. पण वाट आहे. आणि ज्यांनी ती सांगायची ते आम्ही, बी.एड. झालेले, हंटर आणि कोठारी तोंडपाठ असलेले, तिच्याबद्दल अनभिज्ञ होतो. तो मुलगा आज दोन पाळ्यांत साचे चालवतो. रस्त्यात भेटला की अदबीने सलाम करतो आणि आम्हाला मान वर करून उत्तर देणे जड जाते.

म्हणून समाजाला आकांक्षा नाही, असे म्हणण्याची हिंमत आता आम्हाला होत नाही. दीडशे वर्षांत ज्या ज्या वेळी आपल्या घरांनी व्यावसायिक शिक्षण नाकारले त्या त्या वेळी त्यांना कारण होते, आणि ज्या ज्या वेळी स्वीकारले त्या वेळीही होते. ते कारण समजून घ्यायचे काम शिक्षकाचे, संस्थाचालकाचे आणि सरकारचे आहे. संस्थाचालकांनी नवी इमारत बांधण्याआधी एवढे पाहावे की त्यांच्या शाळेतल्या मुलाला आयटीआयच्या परिभाषेची मराठी आणि इंग्रजी दहावीच्या आत येते का. दोन वर्षे घरी पगार येणार नाही, तेवढा काळ त्या घराला आधार देणारी शिष्यवृत्ती आपल्या जकातीतून, आपल्या ट्रस्टमधून उभी राहते का, हेही पाहावे.

आमच्या हातात आहे तेवढे आम्ही केले आहे. दहावीच्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यावर दहावीपासून निघणाऱ्या सगळ्या वाटा उर्दूत आणि मराठीत लिहिल्या आहेत. अकरावी, आयटीआय, पदविका, आणि प्रत्येक वाटेवरून पुढच्या वाटेकडे जाणारा बाण. पालकसभेला आलेल्या आया त्या तक्त्यापुढे थांबतात. ज्यांना वाचता येत नाही त्या मुलीला किंवा मुलाला वाचायला सांगतात आणि बाण कुठे जातो ते बोटाने पाहतात.